तिसऱ्यांदा विचारा, मग सांगते

"नको" म्हणायला मला माझ्या आईने शिकवलं, आणि त्या एका शब्दापायी मी एक अख्खा हिवाळा पणाला लावला. पण आधीच सांगून ठेवते, माझ्या आईला नावं ठेवायची नाहीत. तिच्या जागी तिचं बरोबरच होतं. चूक झाली ती इकडे, या डकोटाच्या माळावर.

नॉर्वेत आमच्या हार्डांगरला रीत अशी. पाहुणी दारात आली की कॉफी विचारायची. ती म्हणणार, "नको हो, आत्ताच पिऊन निघाले." पुन्हा विचारायचं. ती म्हणणार, "छे, उगाच कशाला त्रास!" मग तिसऱ्यांदा विचारायचं. तेव्हा कुठे ती म्हणणार, "बरं, अगदी घोटभर," आणि तीन कप पिऊन, वर केकचे चार तुकडे संपवून उठणार. पहिल्या विचारण्याला जी हो म्हणेल ती हावरट. दुसऱ्याला म्हणेल तिला घरी कोणी वळण लावलेलं नाही. आणि तिसऱ्यांदा जी विचारणारच नाही, अशी बाई मी वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत पाहिलीच नव्हती. मग प्रुइटबाई भेटल्या.

मी गुरो नेसहाइम. नवरा टॉरकेल, मुलगी सिन्नोवा, ती तेव्हा सहा वर्षांची. एक गाय, दोन बैल, आणि 'पाच वर्षं राहून दाखवा मग तुमची' असं सांगून सरकारने दिलेली एकशे साठ एकर जमीन. बैलांची नावं फौजदार आणि पाद्रीबुवा. गावाकडे ज्या दोघांपुढे टॉरकेल जन्मभर टोपी काढून उभा राहिला, त्यांची नावं त्याने मोठ्या हौसेने बैलांना ठेवली होती. नांगर धरला की अर्ध्या मैलावर ऐकू जायचं, "हल की पाद्रीबुवा, आळशा!" त्याच्यासाठी अमेरिकेचा खरा फायदा हाच होता.

घर म्हणजे टेकडीच्या पोटात खणलेली खोली आणि पुढे गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांची भिंत. आत मातीची चूल. तिचं धुराडं टॉरकेलने स्वतः बांधलेलं. माझा नवरा होड्या उत्तम बांधतो, हार्डांगरमध्ये त्याच्या होड्यांना नाव होतं. आता समुद्र हजार मैल लांब, आणि होडीतून धूर बाहेर काढायचा नसतो. त्यामुळे आमच्या धुराड्यात पाणी एक थेंब शिरायचं नाही, आणि धूर एक वीतभर बाहेर जायचा नाही. झाडं नाहीत म्हणून सरपण नाही. गवताच्या पेंढ्या पिळून पिळून त्या जाळायच्या. दिवसभर मी पिळत बसायची आणि चूल दिवसभर खात बसायची.

मागच्या हिवाळ्यात त्याच घरात आमचा क्नुट गेला. पाच महिन्यांचा होता. चुलीजवळ ठेवला तर धुराने खोकायचा, लांब ठेवला तर गारठायचा. मी रात्रंदिवस त्याला इकडून तिकडे हलवत राहिले आणि फेब्रुवारीत तो गेला. याबद्दल एवढंच बोलते, जास्त मला बोलवत नाही. आणि ज्या ऑक्टोबरची ही गोष्ट आहे, त्या ऑक्टोबरात मला पुन्हा सहावा महिना लागत होता. बाळ जानेवारीच्या शेवटी येणार, म्हणजे ऐन कडाक्यात. त्याच घरात, त्याच चुलीपाशी.

आता तुम्हीच सांगा, मला लोखंडी चूल हवी होती की नव्हती?

ती होती प्रुइटबाईंकडे. पूर्वेकडून ओहायोहून आलेली माणसं, फळ्यांचं खरंखुरं घर, आमच्यापासून मैलभर. आणि त्या घराच्या मधोमध ती चूल. काळीभोर, चार झाकणांची, बाजूला पाणी तापवायची टाकी, खाली भट्टी, आणि भट्टीच्या दारावर शिंगं उगारलेलं हरीण कोरलेलं. तिचा धूर नळीतून सरळ वर जायचा, गपचूप, शहाण्या माणसासारखा. मी त्यांच्याकडे लोणी द्यायला जायची तेव्हा चुलीकडे बघायची नाही. बघितलं तर तोंडावर दिसेल म्हणून. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायची. प्रुइटबाईंना वाटायचं मला घड्याळ फार आवडतं.

त्या वर्षी टोळ आले, प्रुइटांचा गहू मुळापर्यंत खाऊन गेले, आणि प्रुइटबाईंनी जाहीर केलं, बास, आम्ही परत ओहायोला. मी लोणी घेऊन गेले तेव्हा त्या पेट्या भरत होत्या. चुलीवर हात ठेवून म्हणाल्या, "ही काही आगगाडीतून नेणं जमायचं नाही. मिसेस नेसहाइम, तुम्हाला हवी का? अशीच घेऊन जा."

माझ्या छातीत असं धडधडलं की पोटातलं बाळ सुद्धा उलटलं. आणि माझं तोंड काय म्हणालं? "नको हो! मी काय करू एवढ्या मोठ्या चुलीचं?"

यात भाषेचा घोळ नव्हता बरं का. इंग्रजी मला बाजारापुरतं येत होतं. 'हवी का' कळत होतं आणि 'नको' म्हणता येत होतं. घोळ वळणाचा होता.

"नक्की? चांगली आहे हो," त्या म्हणाल्या.

हे झालं दुसरं. मी मनात म्हटलं, आता एकच राहिलं. मान खाली घालून म्हटलं, "छे, उगाच तुम्हाला त्रास."

आणि थांबले. हात मांडीवर, ओठांवर 'बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर' तयार.

प्रुइटबाई म्हणाल्या, "बरं," आणि चमचे मोजायला लागल्या.

मला वाटलं त्या मोजून झाल्यावर विचारतील. चमचे बारा होते. त्यांनी मोजले, फडक्यात बांधले, मग काटे काढले. काटे झाले. मी उठले, शाल गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. दारापाशी गेले. दारात विचारलेलंही आमच्याकडे धरतात. उंबऱ्यावर उभी राहून मी म्हटलं, "वारा आहे आज." त्या म्हणाल्या, "हो ना." मी म्हटलं, "हिवाळा कडक जाणार." त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर पळतोय आम्ही. या हं!" आणि दार लावून घेतलं की हो बाईने!

मी मैलभर रडत आणि शिव्या देत घरी आले. टॉरकेल नांगराचा फाळ घासत होता. त्याला सगळं सांगितलं.

"किती वेळा नको म्हणालीस?" त्याने विचारलं.

"दोनदा."

त्याने विचार केला. "मग बरोबर आहे तुझं."

"बरोबर आहे हे मला माहीत आहे रे! चूल कुठाय?"

"त्यांनी तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं."

"टॉरकेल, ते मला पण कळतं. आता करायचं काय?"

त्याने फाळ उलटा केला. "परत जा. कदाचित आज गडबडीत विसरल्या असतील."

हा माझ्या नवऱ्याचा सल्ला. पण दुसरा माझ्याकडे तरी कुठे होता? दोन दिवसांनी मी तपकिरी चीजचा अख्खा ठोकळा फडक्यात बांधून निघाले. निरोपाची भेट म्हणून. एवढं चीज समोर ठेवल्यावर दगडसुद्धा तिसऱ्यांदा विचारेल.

प्रुइटबाईंनी चीजचा वास घेतला, आभार मानले आणि ते खिडकीबाहेर ठेवलं. मग स्वतःच चुलीचा विषय काढला. माझ्या जिवात जीव आला.

"काय गंमत आहे," त्या म्हणाल्या, "तुमच्यानंतर मी मिसेस हाल्वार्सनना पण विचारलं. त्या पण नको म्हणाल्या. तुमच्या लोकांना लोखंडी चुली आवडत नाहीत वाटतं!"

तुमच्या लोकांना! हाल्वार्सन म्हणजे स्वीडिश! ब्रिटा-स्टीना हाल्वार्सन, प्रुइटांच्या पलीकडे मैलभर राहणारी. त्या बाईशी मी दीड वर्ष बोलत नव्हते. शाळेच्या खोलीत प्रार्थनेनंतर सगळे डबे उघडून बसलो होतो, तर माझ्या कडक भाकऱ्यांकडे बघून चारचौघांत म्हणाली, "अय्या, छपरासाठी आणल्यात का?" दोन्ही देशांचा राजा एकच, तोसुद्धा यांच्याच देशात राहतो आणि आमच्याकडे पाहुण्यासारखा येऊन जातो, तेवढ्याने यांचं पोट भरत नाही. भाकरीवर पण राज्य करायचंय! आणि यांची स्वतःची भाकरी? गोड! मीठ घालायचं तिथे काकवी घालणारी माणसं ती.

पण एक सांगते. ब्रिटा-स्टीना दोनदा नको म्हणाली हे ऐकून मला पहिल्यांदाच तिची दया आली. मला माहीत होतं ना, ती पण उंबऱ्यावर उभी राहून वाऱ्याबद्दल बोलली असणार.

"आमच्याकडे, म्हणजे, चुली आवडतात," मी जमेल तेवढं धीटपणे म्हणाले. आमच्या हिशेबाने मी जवळजवळ भीकच मागितली होती.

प्रुइटबाईंनी प्रेमाने माझा हात दाबला. "राहू द्या हो. माझं मन राखायला काही म्हणू नका. मी तुम्हाला पुन्हा विचारून मुळीच त्रास देणार नाही."

काय करावं अशा चांगल्या बाईला!

गुरुवारी प्रुइट गेले. जाताना ज्याला त्याला सांगून गेले, घर उघडं आहे, जे उरलंय ते ज्याला हवं त्याने न्या. घर रिकामं, चूल आत, आणि माझ्या मनात रात्रंदिवस ते हरीण. टॉरकेल म्हणाला, "जाऊन आणू." मी म्हटलं, "न विचारता? ती चोरी होईल." "त्या नेऊ द्यायला तयार होत्या की." "दोनदा तयार होत्या. तिसऱ्यांदा नव्हत्या." त्याने डोकं खाजवलं, कारण माझं बरोबर होतं हे त्यालाही पटलं. असं करत आम्ही दोघं शहाणी माणसं अठरा दिवस मातीच्या चुलीपुढे डोळे पुसत बसलो.

एकोणिसाव्या दिवशी बर्फ पडला आणि सिन्नोवा खोकली.

काही नाही, साधा खोकला. पण तो आवाज मी ओळखत होते. क्नुट पहिल्या दिवशी असाच खोकला होता. मी हातातली पेंढी खाली टाकली आणि म्हटलं, "टॉरकेल, बैल जोड."

तो बाहेर गेला आणि मला ऐकू आलं, "चला फौजदार, आज चोरीला जायचंय."

सिन्नोवाला गुंडाळून, घसरगाडी घेऊन आम्ही प्रुइटांच्या दारात पोचलो, आणि बघतो तर काय, पलीकडून दुसरी घसरगाडी येत होती. पुढे पेर-एरिक हाल्वार्सन, ताडासारखा उंच, आणि मागे पेंढ्यांमध्ये कोंबून बसवलेली ब्रिटा-स्टीना, दोन्ही काखांत एकेक जुळी मुलगी. आठ महिन्यांच्या पोरी, दोघींचे चारही डोळे धुराने लालबुंद झालेले. चिकटलेल्या पापण्या. माझ्या सिन्नोवाचे पहिल्या हिवाळ्यात तसेच झाले होते.

कोणीच कोणाला काय, कशाला आलात, असं विचारलं नाही. दोघांच्याही घसरगाड्यांवर दोर होते.

पुरुष बाहेर राहिले. आम्ही दोघी पोरींना घेऊन आत गेलो. चूल तिथेच होती. थंड, काळी, देखणी. तिच्यासमोर आम्ही दोघी उभ्या राहिलो.

ब्रिटा-स्टीनाची नजर माझ्या पोटावर गेली, मग चुलीवर. मोठी माणसं बोलतात तसं शांतपणे म्हणाली, "चूल तुम्ही घ्या, मिसेस नेसहाइम."

"छे छे," मी म्हटलं, "तुम्ही घ्या. तुमच्याकडे जुळ्या आहेत."

"नको हो. तुम्हाला दिवस गेलेत. तुम्ही घ्या."

"नाही, नाही, कसं बरं दिसेल ते?"

झालं. दोनदा तिने विचारलं, दोनदा मी नाकारलं. आता तिसरं. ही काही ओहायोची नाही, हिला रीत माहीत आहे. मी डोळे खाली घातले आणि वाट पाहिली.

ती काहीच बोलेना.

बाहेरून टॉरकेलचा आवाज आला, "थंडी आहे." खूप वेळाने पेर-एरिकचा आला, "हो."

मी शाल सारखी केली. ती गप्प. मी सिन्नोवाची टोपी सारखी केली. ती गप्प. एक जुळी रडली, तिने तिला काखेतच झुलवलं आणि गप्पच राहिली. मला घाम फुटला, त्या थंडीत! शेवटी मी वर बघितलं, तर ती माझ्याकडेच बघत होती. डोळे भरलेले.

"मी तिसऱ्यांदा विचारणार नाही," ब्रिटा-स्टीना म्हणाली. "विचारलं तर तुम्ही हो म्हणाल."

एवढं खरं माझ्याशी या माळावर कोणी बोललंच नव्हतं. आणि माझ्या आईने सव्वीस वर्षं ओठांवर घातलेली कडी तटकन उघडली.

"मला हवी आहे!" मी ओरडले. "मला ती चूल हवी आहे! पहिल्या दिवसापासून हवी आहे! माझं एक बाळ गेलं त्या धुरात, आता दुसरं येतंय, आणि मी इथे टोपी सारखी करत बसलेय!"

"मला पण हवी आहे!" ती माझ्याहून मोठ्याने ओरडली. "माझ्या पोरी आंधळ्या होतील! आणि ती मेली बाई चमचे काय मोजत बसली!"

"तुमच्या वेळेला पण चमचे?"

"चमचे आणि काटे!"

"मी तिला चीज दिलं!"

"मी गोड भाकरी दिली! अख्खी!"

"ती कशाला विचारेल मग!" माझ्या तोंडून निसटलं.

ती थबकली. मग तिच्या त्या गोल तोंडावर हसू फुटलं आणि ती खदखदायला लागली, आणि मीही, आणि दोघी हसता हसता कधी रडायला लागलो कळलंच नाही. पोरी आमच्याकडे बघून गप्प झाल्या. मी माझ्या शालीने तिचे डोळे पुसले. तिने माझे पुसले नाहीत, तिच्या दोन्ही काखांत पोरी होत्या.

पण हसून रडून झालं तरी चूल एकच होती. आणि हवी दोघींना होती. आता तर उघड उघड हवी होती, म्हणजे जास्तच कठीण.

त्याच वेळी आमचे नवरे आत आले. दोघांच्या मिशांना बर्फ लागलेला. आम्ही आत बोलतोय, ओरडतोय, रडतोय, हे सगळं त्यांनी दाराबाहेर उभं राहून ऐकलं होतं, आणि त्यावर एकमेकांशी अवाक्षर काढलं नव्हतं. पेर-एरिकने प्रुइटांनी मागे टाकलेल्या पेटीच्या फळ्या मोडल्या. टॉरकेलने चुलीत घातल्या आणि काडी ओढली.

"अरे, काय करतोयस?" मी म्हटलं.

"हात शेकतोय," टॉरकेल म्हणाला.

"चूल न्यायचीय ना!"

"कोणी?"

चूल भरभर पेटली. धूर नळीतून गेला, सरळ वर. खोलीत धुराचा एक धागा नाही. जुळ्यांनी डोळे मिचकावले आणि उघडे ठेवले. आणि मग मला कळलं, माझ्या नवऱ्याने काय केलंय ते. पेटलेली, तापून लाल झालेली लोखंडी चूल कोणाच्या बापाला उचलून घसरगाडीवर ठेवता येत नाही.

"आता सकाळपर्यंत हिला हात लावता येणार नाही," टॉरकेल गंभीर तोंडाने म्हणाला.

"दुपारपर्यंत," पेर-एरिक म्हणाला, आणि आणखी एक फळी आत सारली.

संध्याकाळी वादळ आलं. तीन दिवस खिडकीबाहेर पांढऱ्याखेरीज काही दिसेना. चौथ्या दिवशी उघडलं तेव्हा पुरुष आपापल्या घरी जाऊन गाई घेऊन आले, आणि येताना अंथरुणंही घेऊन आले. कोणी ठरवलं नाही, कोणी कोणाला राहा म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर दोनदा नको म्हणावं लागलं असतं. जमीन सहा महिन्यांपर्यंत सोडून राहिलं तरी कायद्याने ती जात नाही, एवढं मात्र पेर-एरिकने एकदा भिंतीकडे बघत सांगितलं.

एका छपराखाली नॉर्वेची आणि स्वीडनची माणसं असा तो हिवाळा गेला. भांडणं किती म्हणून सांगू! सकाळी भट्टीत माझ्या भाकऱ्या की तिच्या, यावरून. कालवणात साखर घालायची की नाही, यावरून. एकदा तिने माझी भाकरी दारात पाय पुसायला ठेवली. मी तिची गोड भाकरी पाद्रीबुवाला घातली, आणि पाद्रीबुवाने ती खाल्ली नाही, हे मी तिला आठवडाभर ऐकवलं. पण जुळ्यांचे डोळे डिसेंबरपर्यंत स्वच्छ निळे झाले आणि सिन्नोवाचा खोकला गेला. आणि केव्हातरी आम्ही 'तुम्ही' वरून 'तू' वर आलो, बहुधा भांडतानाच.

माझ्या वेणा जानेवारीच्या तिसऱ्या तारखेला सुरू झाल्या. तीन आठवडे आधी. सकाळी सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत मुलगी झाली. बोटभर पोर, निळसर, आणि रडली नाही. मी ब्रिटा-स्टीनाच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते तोंड पहिल्यांदाच काही टोमणा मारत नव्हतं. तिने बाळाला पालथं धरलं, पाठ चोळली, तोंडातलं बोटाने काढलं. तेव्हा कुठे मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज आला.

"टॉरकेल, पाणी आण. पोरीचा भरवसा नाही, आत्ताच बाप्तिस्मा देऊन टाक," ती म्हणाली. "नाव काय?"

माझ्याच्याने धड बोलवत नव्हतं. मी म्हटलं, "ब्रिटा."

"नको गं," ती म्हणाली, "माझं कशाला..."

"ब्रिटा-स्टीना," मी दात ओठ खाऊन म्हटलं, "आता वेळ नाहीये!"

असं माझ्या मुलीचं नाव एकाच नकारावर पक्कं झालं. आमच्या दोन्ही देशांत असं कधी घडलं नसेल.

मग तिने भाकऱ्यांची लाकडी पेटी घेतली. तिच्यात मेंढीची लोकर अंथरली, बाळाला आत ठेवलं, भट्टीचं दार उघडलं आणि पेटी त्या उघड्या दारावर ठेवली, बरोबर हरणाच्या वर. बारा दिवस माझी मुलगी तिथे राहिली. दर तासाला ब्रिटा-स्टीना पेटी फिरवायची, एक बाजू जास्त तापू नये म्हणून. चमच्याने थेंब थेंब दूध घालायची. मला ताप होता, अंथरुणातून उठू देत नव्हती. मी पडल्या पडल्या त्या पेटीकडे बघायची आणि मोजायची, आज चौथा, आज सातवा. क्नुटला कुठे ठेवावं हे मला कधी कळलं नव्हतं. आता जागा होती. जवळ, ऊब, आणि धूर नाही. मी उशीत तोंड घालून रडायची, म्हणजे तिला दिसू नये. तिला दिसायचं. ती पेटी फिरवत राहायची.

तेराव्या दिवशी सकाळी बाळ ओरडलं. पिल्लासारखं नाही, चांगलं हार्डांगरच्या कोळ्यासारखं. दोन्ही पुरुष दचकून उठले. ब्रिटा-स्टीनाने पेटीतून तिला काढलं. लाल झाली होती, गालांवर मांस चढलं होतं. लोकरीत गुंडाळून ती माझ्या अंथरुणापाशी घेऊन आली आणि वाकून म्हणाली, "घेतेस का?"

"हो," मी म्हटलं, आणि दोन्ही हात पुढे केले.

ती बाळाला धरून तशीच उभी राहिली, माझ्याकडे बघत.

"अगं गुरो," ती म्हणाली, "निदान तीनदा तरी विचारू द्यायचं होतंस."

"दे आधी इकडे!" मी म्हटलं, आणि तिने दिली.